सायकलीची वाट आणि सरकारची रेघ

सायकल ही वस्तू इतिहासाच्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. घोडा आढळतो, हत्ती आढळतो, आगगाडीलाही एखादे प्रकरण मिळते. परंतु मराठवाड्यातील सामान्य माणसाला गावाबाहेरचे जग ज्या वाहनाने दाखविले त्याची नोंद कोणी घेत नाही. सायकलस्वाराचा वेग असा असतो की, त्याला मातीचा रंग बदललेला दिसतो, रस्त्यावरच्या माणसाचे बोलणे ऐकू येते आणि चढ तर थेट पोटऱ्यांत जाणवतो. इतिहास वाचण्यासाठी याहून योग्य वेग आम्हांला तरी ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात धर्मग्रामातील काही तरुणांसह आम्ही नांदेडहून देगलूर, तेथून मुक्रमाबादमार्गे उदगीर आणि पुढे कर्नाटकातील कमलनगर अशी तीन दिवसांची सायकलफेरी केली. आमचे वय लक्षात घेऊन एकाने, "फादर, तुम्ही मागून जीपने या," असे सुचवून पाहिले. आम्ही ते मनावर घेतले नाही, हे दुसऱ्या दिवशीच्या चढावर आम्हांला चांगलेच आठवले. देगलूरला पोहोचल्यावर त्यांतल्याच एका मुलाने विचारले, "फादर, बॉर्डर नेमकी कुठं लागते?" प्रश्न साधा होता; उत्तर मात्र एका वाक्यात देता येईना. कारण ज्या रस्त्यावर आम्ही उभे होतो, तेथे सत्तर वर्षांपूर्वी कोणतीही सीमा नव्हती. आणि जेथे त्या काळी खरोखरीची सीमा होती, तेथून आज आपण ध्यानीमनी नसताना निघून जातो.

१९४० साली नांदेडहून सायकलीने निघालेल्या एखाद्या माणसाची कल्पना करावी. तो अर्धापूर, हदगाव करीत उत्तरेकडे गेला, तर पैनगंगेच्या काठाशी निजामाचे राज्य संपत असे. पलीकडे उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाडही मुळात निजामाचाच मुलूख. तो १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला. त्यामुळे नदीच्या दोन्ही तीरांवर तीच मराठी, तीच ज्वारी, तीच सोयरिक. पण मध्ये परका मुलूख. माल घेऊन जाणाऱ्याला करोडगिरीचा नाका चुकत नसे. खिशातले पैसेही बदलावे लागत, कारण अलीकडे हाली सिक्का आणि पलीकडे कलदार. सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. लातूरहून पश्चिमेला निघणाऱ्याची गत तीच. बार्शी इंग्रजांची, लातूर निजामाचे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली, तीही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शिरूनच.

तोच माणूस देगलूरच्या दिशेने गेला असता, तर त्याला कोणीही अडविले नसते. देगलूरहून मदनूर, बिलोलीहून मांजरा ओलांडून बोधन, उदगीरहून बीदर हे सारे एकाच राज्यातले रस्ते. भाषा तीन, किंबहुना कचेरीतली उर्दू धरून चार. पण राज्य एक.

या सीमेचा उपयोग हैदराबाद मुक्तिसंग्रामात झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यात कार्यकर्त्यांनी निजामाच्या हद्दीबाहेर, परंतु हद्दीला लागून छावण्या उभारल्या. उमरखेडला अशीच एक छावणी होती. रझाकारांचा पाठलाग नदीशी थांबे आणि कार्यकर्ता पलीकडच्या तीरावर श्वास घेई. बिलोलीजवळ अर्जापूर येथे १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांना मारण्यात आले. त्या परिसरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. उमरीची बँक लुटली गेली ती ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याच्या कारवाईने निजामी राजवट संपली. पैनगंगेचा नाका हळूहळू ओस पडला. आज ती नदी दोन जिल्ह्यांची हद्द एवढीच उरली आहे. हाली सिक्का मात्र १९५९ पर्यंत तग धरून होता. राजे जातात, पण त्यांचे नाणे बाजारातून लवकर जात नाही.

मग देगलूरची सीमा आली कोठून? ती आली १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने. भाषावार प्रांतरचना सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या कायद्यातली नावे सावकाश वाचणारे थोडे. नांदेड जिल्हा तेव्हाच्या मुंबई राज्यात आला. पण सबंध नव्हे. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही दोन सर्कले, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही तीन सर्कले वगळून. ती आंध्र प्रदेशात गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल इकडे आले. सहस्रकुंडाचा धबधबा आज नांदेडकरांच्या सहलीचे ठिकाण आहे, त्याचे कारण हे. बीदर जिल्ह्याची तर तीन शकले झाली. अहमदपूर, उदगीर व निलंगा मुंबई राज्याकडे. नारायणखेड व जहिराबादचा भाग आंध्राकडे. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे.

सर्कल म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागेल. एका गिरदावराच्या ताब्यातील काही गावांचा समूह. गिरदावराने घोड्यावरून, पुढे सायकलीवरून जेवढा टापू फिरून पाहावयाचा, तेवढा. म्हणजे या सीमेचे माप मुळात एका किरकोळ सरकारी नोकराच्या फिरतीचे माप आहे! महसूल गोळा करण्यासाठी ज्या रेघा आखल्या गेल्या, त्याच पुढे राज्यांच्या रेघा ठरल्या.

गैरसमज होऊ नये म्हणून येथेच सांगतो. पुनर्रचना अन्यायाची होती असे आमचे मत नाही. ज्या राज्यात बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू वा कानडी बोलत असताना कचेरी, न्यायालय आणि विद्यापीठ यांची भाषा उर्दू होती, तेथील माणसाला आपल्या भाषेत अर्ज लिहिता यावा, ही मागणी रास्तच होती. अडचण एवढीच की, गावाला एकच भाषा असते असे कागदाने गृहीत धरले. सीमेवरच्या गावाला एक भाषा कधीच नव्हती.

याचा पुरावा तसा फार जुना आहे. नवव्या शतकातील 'कविराजमार्ग' या ग्रंथाने कानडी मुलखाची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. म्हणजे आजचे कंधार, देगलूर, लातूर हे सारे त्यात आले. ज्या राष्ट्रकूटांच्या दरबारी तो ग्रंथ झाला, ते आपणांस लट्टलूर नगरीचे अधिपती म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आपले लातूर असे विद्वान मानतात. देगलूरजवळच्या होट्टलला चालुक्यकालीन मंदिरे आहेत. तेथील कोरीव लेखांत कानडी आहे. आम्ही होट्टलला पोहोचलो तेव्हा दुपार टळत होती. मंदिराच्या पायथ्याशी बसलेल्या वृद्धांपैकी कोणालाच तो लेख वाचता येत नव्हता. पण त्यांतल्या एकाने घरी हाक मारली ती "अक्का" अशी. दगडावरची भाषा गेली असेल, घरातली हाक राहिली आहे.

मातीही कागदाचे ऐकत नाही. नांदेडहून निघाल्यावर बराच वेळ काळी कापसाची जमीन सोबत करते. आमच्या पहिल्या नेमणुकीत, म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस, आम्ही सायकलीवरून खेड्यांत जात असू. पहिला पाऊस पडला की ती काळी माती चाकाला अशी चिकटे की, मडगार्डमध्ये गच्च बसून चाक फिरेनासे होई. मग काडीने माती उकरावी, पाच पावले जावे, पुन्हा उकरावी. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन मिस्सेला पोहोचावे. अनुभवी शेतकऱ्यांच्या सायकलींना मडगार्डच नसे, याचे रहस्य आम्हांला तेव्हा उमगले. देगलूर-बिलोलीच्या बाजूला मात्र ही काळी जमीन विरत जाते, ग्रॅनाइटचे गोल धोंडे डोके वर काढतात, जमीन तांबूस होते. मांजरेची तांबडी वाळू याच दगडाची लेक. दक्खनच्या काळ्या पाषाणाचा थर येथे संपत येतो आणि तेलंगणाचा जुना खडक लागतो. हा बदल मैलोगणती होत राहतो, कोणत्याही नाक्याशी होत नाही.

नाका लागतो तो सलाबतपूरला. देगलूर सोडून हैदराबादच्या रस्त्याने मदनूरकडे गेले की, पाट्यांची लिपी बदलते. आमच्यापैकी एकाची सायकल नेमकी तेथेच बसली. रस्त्याच्या कडेला झाडाखाली पंक्चरवाला होता. त्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडा शोधला, कानस मारली, सोल्युशन लावले आणि सुकेपर्यंत आमची चौकशी केली. आम्ही मराठीत बोलत होतो, तोही मराठीत बोलत होता. म्हणून मुलांनी विचारले की, तो महाराष्ट्रातला का? तो हसला. "गाव हेच. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही. पैसे कुठल्याही भाषेत द्या." त्याची बहीण देगलूरला दिली होती, बायको जुक्कलच्या बाजूची. त्याचे वडील नांदेड जिल्ह्यात जन्मले, तो निजामाबाद जिल्ह्यात जन्मला, आणि २०१६ नंतर त्याची मुले कामारेड्डी जिल्ह्यात शाळेत जातात; घर मात्र कोणीच बदललेले नाही. २०१४ मध्ये तेलंगण झाल्यामुळे राज्याचेही नाव पालटले ते वेगळेच.

सायकलीचा इतिहास आणि या सीमेचा इतिहास येथे एकमेकांत गुंततात. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये सत्तावीस गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. देशातली ती अगदी पहिल्या सरकारी बससेवांपैकी एक. पुनर्रचनेनंतर तिचीही तीन राज्यांत वाटणी झाली. बसला परवाना लागतो, राज्याबाहेर फेऱ्या वाढवायच्या तर करार लागतो. कचेरी, तुरुंग, सरकारी दवाखाना, परीक्षेचे केंद्र ही सारी आपापल्या जिल्ह्याच्या ठिकाणाकडे वळली. उदगीरच्या माणसाची जिल्हा कचेरी १९५६ पर्यंत बीदरला होती. त्या तारखेनंतर ती उस्मानाबादला गेली, जवळजवळ दुप्पट अंतरावर. १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तोवर सव्वीस वर्षे त्याने ती पायपीट केली. अशा वेळी जुन्या वाटेने जात राहिली ती सायकल. तिला परवाना लागत नव्हता. योगायोग असा की, लुधियानाच्या हिरो कारखान्याची सायकलही १९५६ चीच. जुन्या काळी सायकल म्हणजे बहुधा इंग्लंडची रॅले किंवा हर्क्युलस, आणि ती असायची पटवारी, मास्तर किंवा मोठ्या शेतकऱ्याकडे. पुढे देशी सायकली निघाल्या आणि मजुराच्या दारातही सायकल आली. (ती लग्नातल्या मागण्यांच्या यादीतही आली, घड्याळ आणि रेडिओच्या पंक्तीला, त्या यादीविषयी आम्ही व्यासपीठावरून पुष्कळ बोललो आहोत, येथे बोलत नाही.) नगरपालिकेचा पितळी बिल्ला, रात्री दिवा नसल्यास दंड, डबलसीट बसल्यास पोलिसाची शिट्टी हे सारे शहरात. आठवड्याच्या बाजाराला राज्य ओलांडून जाणाऱ्या सायकलीला कोणी हटकले नाही. कॅरिअरला मिरच्यांचे पोते आणि दांडीवर नातू, एवढा तिचा संसार.

गोदावरीकडची वाट आम्ही पूर्वी एकदा वेगळी केली होती: नांदेड, उमरी, धर्माबाद, बासर. बासरचे सरस्वतीचे मंदिर ज्या मुधोळ तालुक्यात होते, तो १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्याचा. आजही नांदेडचे असंख्य लोक मुलाला पहिले अक्षर गिरवायला तेथे नेतात आणि परराज्यात आल्याचे त्यांच्या मनातही येत नाही. या वाटेवर सीमेचे दुसरे रूप दिसते. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्यावरून दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली, कारण खाली श्रीरामसागर आहे. न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय दिला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. म्हणजे नदीला पूर असतो तेव्हा ती आपली नव्हे, ओसरू लागते तेव्हा आपली. काठावरच्या शेतकऱ्याला हे गणित तोंडपाठ आहे. त्यातच २०१८ मध्ये तेलंगणाने शेतकऱ्याला हंगामाला एकरी चार हजार रुपये देण्याची योजना सुरू केली, आणि त्याच वर्षी धर्माबाद तालुक्यातील अनेक सरपंचांनी, आमची गावे तेलंगणात घाला, अशी मागणी केली. वर्तमानपत्रांना त्याचे मोठे नवल वाटले. काहींनी भाषाद्रोहाचा आरोप केला. आम्हांला त्यात भाषेचा प्रश्न दिसत नाही. ज्याचा चुलत भाऊ पलीकडे शेत करतो आणि बँकेतून पैसे उचलतो, तो माणूस रोज सकाळी सायकलीवरून दोन सरकारांची तुलना करीत असतो. मुंबईला बसून ती तुलना दिसत नाही. उलट बाजूलाही दुःख आहेच. बीदर, भालकी, औराद या भागांतल्या मराठी गावांचा दावा महाराष्ट्राने २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात लावून धरला आहे. त्या दाव्यात बेळगाव-कारवारसह ८६५ गावे आहेत. एकीकडे जाऊ इच्छिणारे, दुसरीकडे येऊ इच्छिणारे, आणि दोघांच्या मध्ये मांजरा.

मांजरा नदीची चालच मोठी चमत्कारिक. बालाघाटात उगम पावून लातूरमधून ती पूर्वेकडे येते, औराद शहाजनीजवळ तेरणेला पोटात घेते, बीदर जिल्ह्यात शिरते, पुढे तेलंगणात जाऊन उत्तरेला वळते आणि पुन्हा महाराष्ट्राच्या कडेने वाहत कंदकुर्तीला गोदावरीस मिळते. तीन राज्यांना तिने वेढा घातला आहे. तिची उपनदी लेंडी. तिच्यावरचा धरणप्रकल्प दोन राज्यांनी मिळून हाती घेतला, त्याला कित्येक दशके लोटली. मुक्रमाबादवरून जाताना पुनर्वसनाची अर्धीमुर्धी कथा रस्त्यावरचा प्रत्येक माणूस सांगतो. सर्वांचा सूर एकच: दोन सरकारे असली की जबाबदारी अर्धी होत नाही, नाहीशी होते.

उदगीरला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. चढ संपता संपत नव्हता, आणि जीपची आठवण झाली ती येथे. किल्ल्याच्या दारात मुलांना १७६० ची लढाई सांगितली: सदाशिवरावभाऊंनी उदगीर-औशाच्या परिसरात निजामाला कोंडीत धरले, तह झाला, आणि त्याच विजयाच्या भरात भाऊ पानिपतावर गेले. मुलांना पानिपत माहीत होते, उदगीर तेथून इतके जवळ आहे हे माहीत नव्हते. येथेच २०२२ च्या एप्रिलमध्ये पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. जे गाव १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, तेथे मराठीचा एवढा मोठा सोहळा व्हावा याचा आम्हांला आनंद झाला; आणि त्या मांडवात कानडी-तेलुगू शेजाऱ्यांसाठीही एखादा कोपरा असावयास हवा होता, असेही वाटून गेले.

आपल्या वाचकांना रस वाटेल अशी एक गोष्ट. ख्रिस्तसभेचा नकाशा सरकारी नकाशाच्या बराच मागून चालला. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. पण बीदर मात्र हैदराबादच्या महाधर्मप्रांतातच होते आणि २००५ साली गुलबर्गा धर्मप्रांत झाला तेव्हा कोठे वेगळे झाले. म्हणजे निजामाचे राज्य संपून सत्तावन्न वर्षे झाली तरी बीदरच्या कॅथलिक कुटुंबाचे महागुरुस्वामी हैदराबादलाच होते. याला कोणी दिरंगाई म्हणेल. आम्हांला वाटते, जुनी वाट मोडण्याची घाई कोणी केली नाही, एवढेच.

तिसऱ्या दिवशी उदगीरहून कमलनगरकडे निघालो. रस्ता रुंद झाला आहे, मोटारी वेगाने जातात. सायकलस्वाराला कडेची वीतभर पट्टी उरते आणि तीही पुष्कळ ठिकाणी खचलेली. आमच्याशिवाय सायकलीवर मोठे माणूस असे एकही दिसले नाही. बाजाराला जाणारा आता मोटरसायकलवरून जातो, नाहीतर जात नाही. सायकल उरली आहे ती शाळकरी मुलींपाशी. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना सायकली मिळाल्या. कर्नाटकाने २००६-०७ पासून कित्येक वर्षे आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या.

सीमा ओलांडल्यावर अशीच एक मुलगी सायकल हातात धरून चालताना भेटली. सायकल जुनी, बहुधा थोरल्या बहिणीकडून आलेली. चेन उतरली होती आणि मागच्या चाकात हवा नव्हती. आमच्यातल्या एकाने चेन चढवून दिली, दुसऱ्याने पंप काढला. शाळा मराठी माध्यमाची, कन्नड हा एक विषय, असे तिने सांगितले. आम्ही उदगीरहून आलो हे ऐकताच म्हणाली, "माझी मावशी उदगीरला असते."

"मग जातेस का तिच्याकडे सायकलीवर?" मुलांनी विचारले.

"नाही, बसनं. सायकलीवर आजोबा जायचे."

हवा भरून झाली. तिने चाक बोटाने दाबून पाहिले, दप्तर कॅरिअरला लावले आणि आमच्याआधी निघून गेली.